घड्याळ, पाणी आणि भरवसा

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या घरी आला तो मनगट पुढे करूनच. पुण्यात नोकरीला लागून त्याला दोन वर्षे झाली आहेत. स्वतःच्या कमाईतून पहिल्यांदाच त्याने एक घड्याळ घेतले होते. जाड पोलादी अंग, काळी तबकडी, भोवती कट-कट आवाज करीत फिरणारे दातेरी कडे आणि तबकडीवर इंग्रजीत लिहिलेले '२०० मीटर'. मित्रांबरोबर तो मालवणजवळ तारकर्लीला जाणार होता. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाला समुद्रात खाली नेतात, प्रवाळ आणि मासे दाखवतात. त्याने विचारले, "चाचा, हे घालून उतरू ना पाण्यात? स्वस्तातलं आहे, पण दोनशे मीटर लिहिलंय."

प्रश्न मला विचारण्याचे कारण सरळ होते. माझे वडील जुन्नरच्या बाजारपेठेत घड्याळजी होते. मी पोटापाण्यासाठी शाळामास्तर झालो, पण शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या टेबलाशी बसत आलो. डोळ्याला भिंग लावून झाकण उघडणे, सेल बदलणे, पट्टा लावणे एवढी कामे मलाही येत. त्यामुळे घरात कोणाचेही घड्याळ बंद पडले की ते माझ्यापुढे येते.

पुतण्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच हवे होते. मला ते पटकन देता आले नाही. तो निघून गेल्यावरही प्रश्न मनातून गेला नाही. एखादी वस्तू स्वतःविषयी काहीतरी सांगते. ते सांगणे आपण कधी खरे मानावे? मानले आणि फसलो, तर दोष कोणाचा? आणि ज्याच्याकडे महागडी वस्तू घेण्याची ऐपतच नाही, त्याने स्वस्त वस्तूवर टाकलेला भरवसा हा भरवसा म्हणायचा की नाइलाज?

आधी त्या आकड्याकडे पाहू. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दोनशे मीटर हा वीस वातावरणांचा दाब झाला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात एवढे खोल पाणी कुठेच नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आमच्या या दोन तालुक्यांत आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांपैकी घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या भिंतीची उंची सुमारे ६७ मीटर आहे. धरण काठोकाठ भरले आणि कोणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उतरला, तरी दोनशे मीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा होईल. आमच्या विहिरी पन्नास-साठ फूट. हौसेने समुद्रात उतरणाऱ्यांची मर्यादाही ४० मीटर मानली जाते आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याला १२ मीटरपलीकडे नेत नाहीत. मग या हिशेबाने दोनशे मीटर लिहिलेले स्वस्तातले घड्याळही आमच्याकडे निर्धास्त असायला हवे.

प्रत्यक्षात अब्बांच्या टेबलावर पाणी गेलेली जी घड्याळे येत, ती धरणात बुडालेली नसत. भातलावणीच्या चिखलात, गुरे धुताना, बादलीत हात घालताना ती पाणी प्यालेली असत. त्यांतल्या कित्येकांच्या झाकणावर पन्नास मीटर, शंभर मीटर असे आकडे कोरलेले असत. गिऱ्हाईक तो आकडा बोटाने दाखवी आणि विचारी, "मग हे काय खोटं लिहिलंय?"

खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. घड्याळात पाणी शिरण्याच्या वाटा तीन : काचेची कड, चावीचे भोक आणि मागचे झाकण. तिन्ही ठिकाणी पाणी अडवते ते रबराचे एक बारीक वायसर. पोलाद शंभर वर्षे टिकेल, रबर टिकत नाही. घाम, साबण, ऊन यांनी ते सुकते, चपटे होते, त्याला तडा जातो. त्यातच उन्हात तापलेले घड्याळ एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि वायसर अधू असेल तर बाहेरचे पाणी आत ओढून घेते. कोणी चावी बाहेर ओढून वेळ लावतो आणि परत दाबायला विसरतो. म्हणजे खोली हा घड्याळाचा मुख्य शत्रू नव्हेच. त्याचे खरे शत्रू आहेत वय आणि हलगर्जी. झाकणावरचा आकडा मात्र खोलीबद्दल बोलतो, वयाबद्दल बोलत नाही. घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाची ती साक्ष असते. पुढच्या दिवसांची जबाबदारी त्या आकड्याने घेतलेली नसते.

आकड्यातही दोन जाती आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने रोजच्या वापराच्या घड्याळांसाठी एक मानक केले आहे, क्रमांक २२८१०. त्यात कारखानदाराने तयार मालातून काही नग उचलून तपासले तरी चालते. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी दुसरे मानक आहे, क्रमांक ६४२५. ते अधिक कडक आहे. त्यात प्रत्येक नग पाण्याच्या दाबाखाली घालून पाहावा लागतो आणि तोही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली. घड्याळ गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, थोड्या वेळाने पुसतात आणि आतून वाफ धरली आहे का ते पाहतात. वाफ धरली की घड्याळ नापास. या कसोटीला उतरलेल्या घड्याळावर आकड्याबरोबर 'डायव्हर्स' असा शब्द लिहिण्याची मुभा मिळते. नुसते '२०० मीटर' आणि 'डायव्हर्स २०० मीटर' यांत हा फरक आहे. एका आकड्यामागे 'असा माल टिकतो' हे विधान आहे, दुसऱ्यामागे 'हा नग टिकला' हे विधान आहे. पाण्यात उतरणारा माणूस मनगटावर एकच नग घेऊन उतरतो. त्याला सरासरीचा उपयोग नाही.

यात आणखी एक गंमत आहे. ३० मीटर लिहिलेले घड्याळ घालून पोहू नये, असे त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बाजारातले लोक याचे कारण सांगतात की पोहताना हात फिरवला की दाब फार वाढतो. गणित केले तर ते पटत नाही. सेकंदाला दहा मीटर इतक्या वेगाने हात मारला, तरी वाढणारा दाब पाच मीटर खोलीपेक्षा अधिक नसतो आणि पाण्यात एवढा वेग कोणाच्या हाताला येतो? खरे कारण असे की विकणाऱ्याला स्वतःच्या आकड्याची मर्यादा माहीत असते. समोरचे अक्षर मोठे असते, मागची अट बारीक असते. शब्दाचा खरा अर्थ फक्त बोलणाऱ्याला ठाऊक असावा आणि ऐकणाऱ्याने साधा अर्थ घ्यावा, या व्यवहाराला खोटेपणा म्हणता येत नाही. पण प्रामाणिकपणाही म्हणता येत नाही.

अब्बांच्या तरुणपणी हा प्रश्न नव्हता. तेव्हा हातात एचएमटीची चावीची घड्याळे असत. ती सरकारी कंपनी १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळे बनवू लागली आणि २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. त्या घड्याळांना पाण्यापासून जपायचे हे सगळ्यांना माहीत होते. मशिदीत वुजूला बसताना लोक घड्याळ काढून हौदाच्या कठड्यावर ठेवीत आणि निर्धास्तपणे तोंड-हात धूत. घड्याळावर भरवसा नव्हता, शेजारी बसलेल्या माणसांवर होता. पुढे पाणी न जाणारी घड्याळे आली तशी ती काढून ठेवण्याची सवय गेली. आता लोक पट्टा सैल करून पाणी आत पोहोचवतात. भरवशाची जागा हौदाच्या कठड्यावरून झाकणावरच्या अक्षरांत गेली, असे मला कधी कधी वाटते.

अब्बा स्वतः कोणालाही 'वॉटरप्रूफ' हा शब्द सांगत नसत. झाकण उघडले की वायसर पाहत, जुने असेल तर बदलत, त्याला किंचित सिलिकॉनचे ग्रीस लावत. मग काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन घड्याळ त्यात सोडत. आतली हवा तापून फुगली आणि कुठून फट असली की तिथून बारीक बुडबुडे निघतात. बुडबुडा दिसला की ते घड्याळ ताबडतोब बाहेर काढत, कारण गार होऊ दिले तर तीच फट पाणी आत ओढणार. बुडबुडा न दिसला तर गिऱ्हाइकाला म्हणत, "आजच्या दिवशी ठीक आहे." गिऱ्हाईक हसे. 'आजच्या दिवशी' म्हणजे काय? अब्बा म्हणत, "उद्याचं मी कसं सांगू?" मला ती त्यांची विनोदाची पद्धत वाटे. ती विनोदाची नव्हती हे मला पुढे कळले. ते कसे, तेच सांगतो.

२००३ चा उन्हाळा होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या भागातून एक गिऱ्हाईक आमच्याकडे येई. तो भाग डिंभ्याच्या पाण्याचा. ज्याच्या नावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव याच धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी बांधकामे उघडी पडतात. इथले महादेव कोळी हे डोंगरातले शेतकरी. दारात समुद्रासारखे पाणी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना नव्याने पाण्याची विद्या शिकावी लागली. 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने त्यांनी मासेमारीची सहकारी सोसायटी उभी केली, गाळपेरीची जमीन मागून घेतली. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण २००३ मध्ये यांतले काही मला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होता तो एक किरकोळ अंगाचा, माझ्याच वयाचा माणूस, जो पाण्यात बुडी मारून पोट भरी.

त्याचे काम असे. शेतकऱ्यांच्या मोटारींचे फूटव्हॉल्व्ह विहिरीत अडकले तर मोकळे करायचे, पाण्यात पडलेली मोटार दोराला बांधून द्यायची, उपसा योजनांच्या जॅकवेलची जाळी गाळाने भरली तर साफ करायची. थोडे काम असेल तर श्वास रोखून. जास्त असेल तर काठावर टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू ठेवून, त्याची लांब नळी तोंडात धरून. हा धोक्याचा धंदा आहे. अशा नळीवर कोणी बुडी मारू नये. पण तो मारी, कारण त्याचे मोल मिळे. कमरेला दोर असे आणि दोराचे दुसरे टोक काठावर त्याच्या थोरल्या भावाच्या हातात.

मुंबईला गोदीत काम करणाऱ्या मेहुण्याने त्याला एक जुने जपानी घड्याळ दिले होते. झाकणावर '२०० मीटर' होते. त्याचा सेल संपला म्हणून बाजाराच्या दिवशी तो आला. अब्बा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते. टेबलावर मी एकटा. झाकण उघडले. वायसर चपटे झाले होते आणि एका जागी केसाएवढी चीर होती. डबा धुंडाळला, त्या मापाचे वायसर नव्हते. नवीन पुण्याहून मागवावे लागणार, आठ दिवस लागणार. त्याला दुसऱ्या दिवशी काम होते आणि घोडेगावची एस.टी. गाठायची होती. मी तेच वायसर बोटाने सरळ केले, ग्रीसचा हात फिरवला आणि झाकण बंद केले. त्याने विचारले, "भाई, पाण्यात चालंल ना?"

मी म्हणालो, "चालेल. दोनशे मीटरचं आहे."

साठ रुपये घेतले. पेल्यातले पाणी मी केलेच नाही.

पंधरा दिवसांनी तो परत आला. काचेच्या आत धुके होते. त्याने शांतपणे सांगितले. जाळी साफ करायला तो तीस-पस्तीस फूट खाली होता. कॉम्प्रेसरमध्ये इंधन किती आहे ते पाहून भावाभावांनी वीस मिनिटे ठरवली होती. पाणी गढूळ होते, सेकंदाचा काटा दिसत नव्हता. मोठा काटा एकदा पाहिला तेव्हा बारा मिनिटे झाली होती. काम करून पुन्हा पाहिला तेव्हाही बाराच. त्याला वाटले, आपण भराभर हात चालवला, अजून वेळ आहे. घड्याळ बंद पडले होते. काठावरच्या भावाकडे घड्याळ नव्हते. त्याने कॉम्प्रेसरचा आवाज बदललेला ऐकला आणि दोराला हिसका दिला. हा वर आला. थोड्याच वेळात कॉम्प्रेसर थांबला.

एवढेच झाले. कोणी मेले नाही, कोणाला दवाखान्यात न्यावे लागले नाही. तो माझ्यावर रागावलाही नाही. मी गडबडून म्हणालो की वस्तू जुनी होती, सांगता येत नाही. तो म्हणाला, "घड्याळाला काय कळतंय, भाई? म्या तुमच्या बोलण्यावर गेलो."

अब्बांचे डोळे बरे झाल्यावर मी त्यांना हे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घरात आम्ही दखनी बोलतो. त्यांचे बोलणे मराठीत सांगायचे तर असे होते : "झाकणावर दोनशे लिहिलं होतं, हे तू खरंच सांगितलंस. पण ते त्याला वाचता येत होतं. त्याने तुला विचारलं ते झाकणाच्या आतलं. ते फक्त तू पाहिलं होतंस."

या वाक्याचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. त्यातून मला एवढे कळले की वस्तूवरचा भरवसा हा वस्तूवरचा नसतोच. तो ज्याने तिचे झाकण शेवटी बंद केले त्या माणसावरचा असतो. कारखान्यातल्या कामगाराने नीट बंद केले असेल, त्यावर आकडाही खरा असेल. पण माझ्या हाताने ते उघडले त्या क्षणी तो आकडा रद्द झाला आणि त्याच्या जागी माझा शब्द आला. मी मात्र स्वतःचा शब्द देण्याऐवजी रद्द झालेला आकडा पुढे केला. 'चालेल' हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. तो आश्वासनासारखा ऐकू जातो आणि अंगावर आला की अंदाज होऊन बसतो. बोलणारा अंदाज देतो, ऐकणारा आश्वासन घेऊन जातो. मधल्या फटीतून पाणी शिरते.

'ज्याने त्याने पाहून घ्यावे' असे यावर म्हणता येईल. व्यापारात हे वाक्य नेहमी ऐकू येते. पण पाहून घ्यायला झाकण उघडे तर पाहिजे. ज्याच्यापुढे ते उघडे होते त्याला वायसर दिसले, ज्याला ते मनगटावर बांधायचे होते त्याला दिसले नाही. अशा वेळी न दिसणाऱ्याने दक्ष राहावे असे म्हणणे म्हणजे आंधळ्याला रस्ता नीट पाहायला सांगणे. आपल्याकडे यासाठी 'अमानत' हा शब्द आहे. आपण तो ठेवीच्या पैशांपुरता वापरतो. माझ्या मते एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, तेवढी माहितीसुद्धा अमानतच आहे.

दुसरी शंका उलट बाजूची. मग कशावरच भरवसा ठेवू नये काय? तसे जगता येत नाही. धरणाच्या भिंतीवर, एस.टी.च्या ब्रेकवर, दवाखान्यातल्या सुईवर आपण रोज विसंबतो. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासायची म्हटली तर घराबाहेर पडता येणार नाही. संशय घेणाऱ्यालाही शेवटी कोणावर तरी टेकावेच लागते. तेव्हा भरवसा ठेवावा की नाही हा प्रश्न नाही. किती ठेवावा आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न आहे.

यावर मला एका बाईची गोष्ट आठवते. घड्याळांच्या इतिहासात ती नेहमी सांगतात, पण अर्धीच. रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' नावाचे, पाणी न शिरणारे म्हणून घड्याळ काढले. मर्सिडीझ ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटूने ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या एका बाईने आपणही खाडी पार केल्याचे सांगितले आणि मग ते सोंग होते असे स्वतःच कबूल केले. त्यामुळे ग्लाइट्झच्या खऱ्या पराक्रमावरही लोक संशय घेऊ लागले. तिने ठरवले, पुन्हा पोहून दाखवीन. त्याच महिन्यात, थंडी वाढलेली असताना, ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात ते ऑयस्टर घड्याळ बांधलेले होते. दहा तासांहून अधिक वेळ ती त्या गारठ्यात टिकली. शेवटी तिला बाहेर काढावे लागले, खाडी पार झाली नाही. घड्याळ मात्र चालू होते. कंपनीने वर्तमानपत्रात मोठी जाहिरात दिली आणि पाण्यातल्या घड्याळाचे नाव जगभर झाले.

जाहिरातीने घड्याळाची कसोटी लक्षात ठेवली. मला त्या बाईची कसोटी अधिक मोलाची वाटते. दुसऱ्याच्या खोटेपणाचा दंड तिने भरला. एकाने 'चालेल' म्हणून वेळ मारून नेली की पुढच्या खऱ्या माणसाला दुप्पट पुरावा द्यावा लागतो. माझ्यानंतर त्या पाणबुड्याने दुसऱ्या कोणा प्रामाणिक घड्याळजीवर विश्वास ठेवला असेल का? नसेल, तर त्याचे देणे माझ्याकडे लागते. आणि दुसरे म्हणजे, ती खाडी पार करू शकली नाही तरी लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. सिद्ध होण्यापेक्षाही, कसोटीला उभे राहण्याची तयारी लोकांना पुरेशी वाटली.

आता स्वस्त आणि महाग याविषयी. महाग ते भरवशाचे असा आपला समज असतो, आणि गरिबाला तो टोचतो. पण पाणबुड्यांच्या मानकात किमतीचा रकाना नाही. जपानच्या सेको कंपनीचे एसकेएक्स ००७ हे 'डायव्हर्स २०० मीटर' लिहिलेले घड्याळ १९९६ पासून २०१९ पर्यंत निघत होते. सामान्य नोकरदाराला परवडेल अशा किमतीचे ते घड्याळ पाण्यात उतरणाऱ्या कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षे वापरले. उलट लाखांच्या घड्याळाचे वायसर दहा वर्षे बदलले नाही, तर ते विहिरीच्या पाण्यातही धुके धरील. दोन्ही घड्याळांत पाणी अडवणारी वस्तू एकाच जातीची आहे आणि तिची किंमत काही रुपये आहे.

गरिबाची अडचण वेगळीच आहे. तो चांगले स्वस्त घड्याळ एकदा घेऊ शकतो. दर वर्षी-दोन वर्षांनी वायसर बदलून दाबाच्या यंत्रात तपासून घ्यायला मात्र त्याला जवळपास सोय नसते. असे यंत्र पुण्या-मुंबईत मिळते, बाजारपेठेतल्या टेबलावर मिळत नाही. शिवाय साडेतीनशे रुपयांच्या नकली घड्याळावरही तोच '२०० मीटर' छापलेला असतो आणि अक्षराला अक्षर सारखे असते. म्हणजे वस्तू स्वस्त असते तेव्हा माणसाचा शब्द महाग व्हायला हवा. प्रत्यक्षात उलट होते. साठ रुपयांच्या कामाला आपण साठ रुपयांचाच शब्द देतो.

जुन्नरला एके काळी हातकागदाचा मोठा धंदा होता आणि तो आपल्यातल्या कागदी लोकांच्या हातात होता. जुन्नरी कागदाचे पेशवाईतही नाव होते. त्या ताव्यांवर कोणी 'दोनशे वर्षे' असा आकडा छापला नव्हता. तरी जुन्या दप्तरांतून तो कागद आजही हातात येतो. ज्यांनी लगदा कुटला त्यांना पुढे कोण वाचणार हे माहीत नव्हते, आणि वाचणाऱ्याला त्यांचे नाव माहीत नाही. चांगला भरवसा बहुधा असाच असतो. ज्याच्यासाठी राखायचा तो माणूस समोर नसतो.

तवक्कुलविषयी बोलताना उंटाची गोष्ट आपल्या घरांत कोणाला सांगावी लागत नाही : आधी दावे बांधायचे, मग हवाला द्यायचा. त्या पाणबुड्याने दोन्ही केले होते. त्याचे दावे म्हणजे कमरेचा दोर. माझ्या शब्दावर तो गेला खरा, पण पुरता गेला नाही. हे त्याचे शहाणपण, त्यात माझे काही नाही. आजचे शिकलेले पाणबुडे मनगटावर खोली आणि वेळ दोन्ही दाखवणारा संगणक बांधतात, तरीही त्यांतले जाणते लोक जोडीला दुसरे साधन ठेवतात आणि एकटे उतरत नाहीत. त्यांनाही माहीत आहे की कोणतीही एक गोष्ट एवढी भरवशाची नसते की तिच्यावर श्वास टांगावा. जेवढे गमवायचे असेल तेवढी तपासणी कडक. घड्याळ बिघडले तर पैसे जातील, एवढेच पणाला लागलेले असेल, तर आकड्यावर विसंबायला हरकत नाही. जीव पणाला असेल, तर आकडा, माणूस आणि दोर असे तिन्ही लागतात.

पुतण्याला मी दोन दिवसांनी फोन केला. सांगितले की घड्याळ नवे आहे, कोणी उघडलेले नाही, म्हणून उगाच उघडायला देऊ नकोस. चावी नीट दाबून पिळून बंद कर आणि पाण्यात तिला हात लावू नकोस. आधी बादलीत बुडवून ठेव, मग उन्हात ठेवून काचेवर गार पाण्याचा थेंब सोड आणि आत धुके येते का पाहा. काही आले नाही तर घाल खुशाल. पण वेळ किती झाली हे त्या घड्याळावरून ठरवू नकोस, तुझ्याबरोबर उतरणारा वस्ताद सांगेल तेव्हा वर ये. आणि पहिल्यांदा सेल बदलशील तेव्हा वायसर बदलल्याशिवाय, तुझ्यासमोर तपासल्याशिवाय, त्या आकड्याचे नाव काढू नकोस.

तो म्हणाला, "एवढं सगळं? मी फक्त चालेल का विचारलं होतं."

मी म्हणालो, "आजच्या दिवशी चालेल."

तो पाणबुड्या पुढेही येत राहिला. त्या वेळी नवे वायसर मागवून मी ते त्याच्यासमोर बसवले आणि पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यालाच पाहायला सांगितले. त्याने वाकून बराच वेळ पाहिले. बुडबुडा आला नाही. मी पैसे घेत नव्हतो. त्याने साठ रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "असू द्या, भाई. आता म्या बघितलंय."